करोनल होलखालचे चुंबकीय क्षेत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव आणि शेजारच्या सावंतवाडी-कारवारकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न शाळेतल्या मुलांचे आहेत, पुढचे स्वतः डेटा उतरवून काम करणाऱ्यांचे. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ येते तिथे आधीच्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘प्रभामंडल’ म्हणजे सूर्याचे सर्वांत बाहेरचे तप्त, विरळ वातावरण आणि ‘पृष्ठभाग’ म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाशमान थर, म्हणजेच दीप्तिगोल. हे दोन शब्द सर्वत्र याच अर्थाने वापरले आहेत.

१. ‘सूर्याला भले मोठे भोक पडले’ असा मेसेज फिरतोय. खरे आहे का?

भोक पडलेले नाही. करोनल होल म्हणजे प्रभामंडलातला असा भाग जिथे प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) आजूबाजूपेक्षा विरळ आणि थोडा थंड असतो. अतिनील किंवा क्ष-किरणांच्या चित्रात तो काळा दिसतो, म्हणून ‘होल’. खालचा पृष्ठभाग अखंड असतो आणि साध्या प्रकाशात तिथे काहीही वेगळे दिसत नाही. आकाराचे आकडे मात्र खोटे नसतात. डिसेंबर २०२३ मधले एक होल सुमारे ८ लाख किमी रुंद होते. अशी होल ही सूर्याची नेहमीची गोष्ट आहे. माक्स वाल्डमायर यांनी ती १९५० च्या दशकात जमिनीवरच्या करोनाग्राफने टिपली आणि १९७३ मध्ये स्कायलॅबच्या क्ष-किरण दुर्बिणींनी ती स्पष्ट दाखवली.

२. मग ते काळे का दिसते?

तिथले चुंबकीय क्षेत्र झाकणासारखे बंद नसते. शांत सूर्याच्या, म्हणजे सौरडाग नसलेल्या, इतर भागांत चुंबकीय रेषा कमानीसारख्या वर जाऊन परत खाली येतात आणि त्या कमानींत तप्त प्लाझ्मा अडकून राहतो, चमकतो. होलमध्ये बऱ्याच रेषा वर जातात त्या थेट अवकाशातच. प्लाझ्मा अडकत नाही, वाहून जातो, आणि वरची ऊर्जा चमकण्याऐवजी सौरवाऱ्याला, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या प्लाझ्माला, वेग देण्यात खर्च होते. शांत भागात प्रभामंडलाचे तापमान सुमारे १५ लाख अंश असते, होलमध्ये १० लाखांच्या आसपास किंवा थोडे कमी. घनताही निम्म्याच्या खाली उतरते. अतिनील प्रकाश घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून फरक इतका ठळक दिसतो.

३. होलच्या बरोबर खाली, पृष्ठभागावर, चुंबकीय क्षेत्र कसे असते?

याच प्रश्नासाठी हे पान आहे, म्हणून थोडे सविस्तर.

होल काळे आणि रिकामे दिसते म्हणून खाली चुंबकत्वही नसेल असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. खाली उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही ध्रुवतांचे हजारो बारीक ठिपके असतात, अगदी शांत सूर्यावर असतात तसेच. फरक फक्त जमा-खर्चाच्या शिल्लकीत आहे. शांत सूर्यावर धन (उत्तर) आणि ऋण (दक्षिण) जवळजवळ एकमेकांना फेडतात, शिल्लक शून्याजवळ. होलखाली एक बाजू जड असते. ही शिल्लक सरासरी १ ते ५ गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) निघते, सूर्याचे सुमारे ११ वर्षांचे सौरचक्र जोरात असताना १० च्या पुढेही जाते. ज्या रेषांना खाली जोडीदार मिळत नाही त्यांना वर जाण्यावाचून गत्यंतर नसते. होल घडवते ती ही शिल्लक.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. ही शिल्लक समान पसरलेली नसते. ती जवळजवळ सगळी अतिशय बारीक, उभ्या चुंबकीय नळ्यांत भरलेली असते. एका नळीचा व्यास १०० ते ३०० किमी आणि आतले क्षेत्र १,००० ते १,५०० गॉस, म्हणजे लहान सौरडागाशी स्पर्धा करणारे. तुलनेसाठी, गोव्यात आपल्या पायाखाली पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे. जपानच्या हिनोडे यानाने २००७ मध्ये सूर्याच्या ध्रुवाजवळही असे हजार गॉसचे ठिपके दाखवले. त्यापूर्वी ध्रुवाचे क्षेत्र मंद आणि एकसारखे असेल अशी समजूत होती.

४. सरासरी ३ गॉस आणि नळीत १,५०० गॉस, दोन्ही कसे खरे?

भागाकार करून पाहा. ३ भागिले १,५०० म्हणजे ०.००२. होलच्या तळाचे फक्त ०.२ टक्के क्षेत्र नळ्यांनी व्यापले आणि बाकीचे धन-ऋण फिटून गेले, तरी सरासरी ३ गॉस येते.

मध्यम आकाराच्या होलचे क्षेत्रफळ ५,००० कोटी चौरस किमी धरा. त्याचे ०.२ टक्के म्हणजे १० कोटी चौरस किमी. २०० किमी व्यासाच्या एका नळीचे तोंड सुमारे ३१,४०० चौरस किमी, म्हणजे साडेआठ गोवे मावतील एवढे. त्याने १० कोटीला भागले की साधारण ३,२०० नळ्या येतात. ५,००० कोटी चौरस किमी पसरलेले होल अवघ्या ३,२०० खुंट्यांवर टांगलेले असते. प्रत्यक्षात उलट्या ध्रुवतेच्या नळ्याही असतात आणि आकार कमी-जास्त असतात, पण हिशेबाची जात हीच.

५. या नळ्या तयार कशा होतात? आणि कडेकडेलाच का दिसतात?

उकड्या तांदळाची पेज रटरटताना पातेल्यात पाहा. मधून उमाळा वर येतो, बाजूला पसरतो आणि जिथे दोन उमाळे भिडतात तिथे फेस रेषेत जमतो. सूर्याच्या पृष्ठभागाखालचा वायू असाच उकळत असतो. लहान उमाळे, म्हणजे कणिका, सुमारे १,००० किमीचे असतात आणि आठ-दहा मिनिटे टिकतात. मोठे, म्हणजे सुपरग्रॅन्यूल, सुमारे ३०,००० किमीचे आणि दिवसभर टिकणारे. मोठ्या उमाळ्याचा प्रवाह चुंबकीय क्षेत्राला ढकलत कडेला नेतो. म्हणून नळ्या जाळ्याच्या दोरांवर, विशेषतः तीन उमाळे भेटतात त्या गाठींवर जमतात. आगरवाड्याचे मिठागर वरून पाहिले तर चौकोन मोकळे आणि मीठ रचलेले बांधांवर दिसते, तसे.

कडेला जमलेले क्षेत्र आणखी आवळले जाते. तिथला वायू थंड होऊन खाली घसरतो, नळी आतून रिकामी होते आणि बाहेरचा दाब तिला चेपतो. हे चेपणे कुठे थांबते? चुंबकीय दाब बाहेरच्या वायूच्या दाबाइतका झाला की. पृष्ठभागावरच्या वायूच्या दाबाला पुरे पडणारे क्षेत्र साधारण १,५०० गॉसच निघते. म्हणूनच हा आकडा सर्वत्र पुन्हा पुन्हा भेटतो.

वर जाताना वायूचा दाब दर शंभर-दीडशे किमीला झपाट्याने घटतो, त्यामुळे नळी नरसाळ्यासारखी उघडते. होलमध्ये शेजारची नरसाळीही त्याच ध्रुवतेची असतात. ती काही हजार किमी उंचीवर एकमेकांना टेकतात आणि सगळी जागा भरून टाकतात. वरचे क्षेत्र म्हणूनच गुळगुळीत, खालचे मात्र ठिपक्याठिपक्यांचे.

६. १५ कोटी किमीवरून चुंबकीय क्षेत्र मोजतात कसे?

झीमन परिणामाने. चुंबकीय क्षेत्रात अणूची वर्णरेषा फाटते आणि फाटलेल्या दोन भागांचे वर्तुळी ध्रुवण एकमेकांच्या उलट असते. जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये याच मार्गाने सौरडागातले क्षेत्र ओळखले.

२०१० मध्ये सोडलेल्या नासाच्या एसडीओ यानावरचे एचएमआय हे उपकरण लोखंडाची ६१७३ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) रेषा वापरते. १,००० गॉसला ही रेषा दोन्ही बाजूंना ०.०४४५ अँगस्ट्रॉम सरकते. रेषेची स्वतःची रुंदी याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि १० गॉसला तर सरकणे ०.०००४५ अँगस्ट्रॉम एवढेच. डोळ्यांनी फाटलेली रेषा दिसण्याचा प्रश्नच नाही. उपकरण डाव्या आणि उजव्या ध्रुवणाच्या दोन प्रतिमांची वजाबाकी करते आणि त्यातून क्षेत्र काढते.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. एक, मिळते ते फक्त आपल्या दृष्टीरेषेतले क्षेत्र. आडवे क्षेत्र रेषीय ध्रुवणातून काढावे लागते आणि त्याची अचूकता कितीतरी कमी असते. दोन, एचएमआयचा एक पिक्सेल सुमारे ३६५ किमीचा आहे, नळी २०० किमीची. १,५०० गॉसची नळी पिक्सेलच्या पाव भागातच मावते, म्हणून आकडा साधारण ३५० गॉस दिसतो आणि दुर्बिणीच्या धूसरपणामुळे आणखी उतरतो. हा दोष नव्हे, सरासरी आहे. फ्लक्स, म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ, बऱ्याच अंशी बरोबर येतो, क्षेत्राची तीव्रता मात्र कमी दिसते.

७. अतिनील चित्रात होल ठळक आहे, पण त्याच वेळच्या मॅग्नेटोग्राममध्ये (पृष्ठभागावरच्या चुंबकीय क्षेत्राच्या नकाशात) काहीच वेगळे दिसत नाही. फाइल चुकली का?

फाइल बरोबर आहे. मॅग्नेटोग्राम ±१०० किंवा ±२०० गॉसच्या पट्टीवर रंगवलेला असतो आणि होलची शिल्लक ३ गॉसची, म्हणून डोळ्याला शांत सूर्य आणि होल सारखेच मीठ-मिरी पसरल्यासारखे दिसतात. दोन उपाय आहेत. पट्टी ±३० वर आणा, किंवा प्रतिमा ३०-४० पिक्सेलच्या खिडकीने गुळगुळीत करा. दुसऱ्या उपायाने धन-ऋण एकमेकांत फिटतात आणि होलखालचा भाग एकरंगी उजळतो किंवा काळवंडतो. पांढरे म्हणजे आपल्याकडे येणारे, धन क्षेत्र. काळे म्हणजे सूर्यात शिरणारे, ऋण.

८. होलमधल्या सगळ्या रेषा उघड्याच असतात ना?

नाही, आणि ही चूक छापील मजकुरातही आढळते. होलखाली उलट्या ध्रुवतेचे ठिपके असतातच. ते शेजारच्या जड बाजूच्या ठिपक्यांशी जोडून लहान, बुटक्या कमानी करतात. शांत सूर्यावरच्या कमानी उंच जातात, होलमधल्या काही हजार किमीच्या आतच संपतात. म्हणून प्रभामंडलाच्या चित्रात त्या दिसत नाहीत, अधूनमधून एखादा तेजस्वी बिंदू तेवढा दिसतो. अशी कमान शेजारच्या उघड्या रेषेला भिडली की पुनर्जोडणी होते, म्हणजे रेषा जोडीदार बदलतात, आणि वर बारीक फवारा उडतो. नासाच्या पार्कर यानाने सूर्याजवळ मोजलेल्या वाऱ्यात सुपरग्रॅन्यूलच्या आकाराशी जुळणारे झोत सापडले आहेत. जलद वाऱ्याचा उगम या जाळ्यातल्या पुनर्जोडणीशी जोडला जातो, त्यामागे हेच निरीक्षण आहे.

९. आम्हाला स्वतः एका होलचे क्षेत्र मोजायचे आहे. काय काय करावे लागेल?

एक लॅपटॉप, पायथन, सनपाय हे पॅकेज आणि दोन फाइली एवढ्यात काम होते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी दोन आठवडे पुरतात.

आधी हेलिओव्ह्यूअर या संकेतस्थळावर चाळून असे होल निवडा जे सूर्याच्या चकतीच्या मध्यापासून ३० अंशांच्या आत आहे. मग जेसॉक या एसडीओच्या डेटासंग्रहातून एआयए १९३ (एसडीओच्या अतिनील कॅमेऱ्याचे १९३ अँगस्ट्रॉमचे चित्र) आणि एचएमआयचा १२ मिनिटांचा दृष्टीरेषी मॅग्नेटोग्राम, दोन्ही फिट्स स्वरूपात, एकाच वेळेचे उतरवा. एचएमआयची प्रतिमा १८० अंश फिरवून एआयए तिच्या पिक्सेलवर बसवा. एआयएचा पिक्सेल ०.६ आर्कसेकंदांचा, एचएमआयचा ०.५ चा.

आता चकतीवरच्या तीव्रतेचा मध्यक काढा आणि त्याच्या सुमारे ३५ टक्क्यांखालचे पिक्सेल होल समजा; निवडलेल्या पिक्सेलांचा हा साचा म्हणजे ‘मुखवटा’. सीमारेषा ३० आणि ४० टक्क्यांवरही काढून पाहा. क्षेत्रफळ फार बदलत असेल तर कड पुसट आहे, आणि तसे वहीत लिहून ठेवा. सुटे ठिपके काढून टाका, आतली छोटी भोके भरा.

मग प्रत्येक पिक्सेलसाठी मध्यापासूनच्या कोनाचा कोसाइन काढा. क्षेत्र पृष्ठभागाला लंब आहे असे धरून मोजलेला आकडा त्याने भागा. पिक्सेलचे क्षेत्रफळही त्यानेच भागा, कारण कडेला पृष्ठभाग तिरपा दिसतो. क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ, चिन्हासकट बेरीज करा, ही शिल्लक. तिला एकूण क्षेत्रफळाने भागले की सरासरी क्षेत्र. चिन्ह सोडून बेरीज केली की एकूण फ्लक्स. शिल्लक भागिले एकूण हे असंतुलन. होलमध्ये ते साधारण निम्म्याच्या आसपास येते, शांत सूर्यावर फारच कमी.

शेवटी तोच मुखवटा शेजारच्या शांत भागावर ठेवून तीच बेरीज करा. ही तुलना नसेल तर होलचा आकडा एकटा काही सांगत नाही.

१०. सगळे तसेच केले, तरी उत्तर विचित्र येते. कुठे चुकते?

बहुतेक वेळा यांपैकी एका ठिकाणी.

प्रतिमा उलटी राहिली. एचएमआयच्या मूळ फाइलीत सूर्य डोक्यावर उभा असतो. फिरवायला विसरलात तर उत्तरेच्या होलखाली दक्षिणेचे क्षेत्र मोजले जाते, आणि वाईट म्हणजे आकडा कधीकधी पटण्यासारखाही येतो. पडताळा म्हणून एखादा सौरडागांचा गट दोन्ही चित्रांत एकाच जागी येतो का ते आधी बघा.

वेळ जुळली नाही. चकतीच्या मध्यावर सूर्य तासाला सुमारे ९ ते १० आर्कसेकंद सरकतो. दोन तासांचा फरक म्हणजे चाळीसएक पिक्सेल.

जेपीजी वापरले. रंगीत चित्रातल्या छटा गॉस नव्हेत. ठराविक मर्यादेपलीकडचे सगळे कापलेले असते आणि नळ्या नेमक्या त्याच मर्यादेपलीकडे असतात.

गोंगाट मोजला. ही चूक सर्वांत फसवी आहे. एका पिक्सेलचा गोंगाट सुमारे ६ गॉस असतो. चिन्हासकट बेरजेत तो मरतो: पावणेचार लाख पिक्सेलच्या होलमध्ये ६ ला सुमारे ६१० ने भागा, ०.०१ गॉस उरतो. चिन्ह सोडून बेरीज केली तर मात्र प्रत्येक पिक्सेल सरासरी ४.८ गॉस निव्वळ गोंगाटाचे घालतो, खऱ्या शिल्लकीपेक्षा जास्त. म्हणून एकूण फ्लक्ससाठी २० गॉसखालचे पिक्सेल वगळा आणि ही मर्यादा अहवालात लिहा. दोघांनी वेगळी मर्यादा घेतली तर असंतुलनाचे आकडे जुळणार नाहीत, आणि चूक कुणाचीच नसेल.

कड ढिली पडली. शेजारच्या सक्रिय भागाचे एक टक्का पिक्सेल, प्रत्येकी २०० गॉसचे, मुखवट्यात शिरले तर सरासरी २ गॉसने हलते. तीन गॉसच्या होलमध्ये हे उत्तर बिघडवायला पुरेसे आहे.

११. अतिनील चित्रात काळे दिसते ते सगळे करोनल होलच का?

नाही. तंतूंच्या वाहिन्या, म्हणजे फिलामेंटच्या जागा, तितक्याच काळ्या दिसतात. ओळखण्याची खात्रीची रीत मॅग्नेटोग्रामच आहे. वाहिनीच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण असते, मधून शून्याची रेषा जाते आणि सगळ्या भागाची शिल्लक शून्याजवळ येते. होलमध्ये आरपार एकच बाजू जड. लांबट, वळणदार, अरुंद काळा पट्टा दिसला की आधी ही तपासणी करा.

दुसरा प्रकार म्हणजे स्फोटानंतर प्रभामंडलातून वस्तुमान उडून गेल्यावर पडणारा काळोख. तो काही तासांत, फार तर दिवस-दोन दिवसांत भरून येतो. खरे होल आठवडे-महिने टिकते. अशा वेळी एकच चित्र पाहून निकाल देऊ नका, आदल्या दिवसाचे चित्र उघडा.

१२. उलटे खरे आहे का? एकाच ध्रुवतेचा प्रदेश दिसला की वर होल असणारच?

तसेही नाही. असंतुलन हवे, पण पुरेसे नाही. शेजारी विरुद्ध ध्रुवतेचा मोठा प्रदेश असेल तर तुमच्या भागातल्या शिल्लक रेषा लांब कमानी करून तिकडे जाऊन बंद होतात आणि वर शांत प्रभामंडल चमकत राहते. रेषा उघडी राहील की बंद होईल हे पूर्ण सूर्याच्या मांडणीवर ठरते. म्हणून गणितात पृष्ठभागाचे क्षेत्र घेऊन ते सूर्याच्या केंद्रापासून २.५ त्रिज्यांपर्यंत वर नेतात आणि तिथपर्यंत पोचलेल्या रेषा उघड्या मानतात. ही २.५ त्रिज्या सोयीने ठरवलेली आहे. ती कमी-जास्त केली की गणितातले होल मोठे-लहान होते.

१३. पृष्ठभाग विषुववृत्तावर जलद आणि ध्रुवाकडे सावकाश फिरतो. मग होल फाटून तिरके का होत नाही?

छान प्रश्न. विषुववृत्तावर एक फेरी २५ दिवसांची, ध्रुवांजवळ ३४-३५ दिवसांची. १९७३ मध्ये स्कायलॅबने पाहिलेले, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्ताच्या पलीकडे आलेले बुटाच्या आकाराचे होल मात्र महिनोन्महिने जवळजवळ घट्ट तुकड्यासारखे फिरले. कारण होलची कड म्हणजे ठराविक नळ्यांचे कुंपण नव्हे. खालच्या नळ्या पुढे-मागे सरकतात, पण कडेवर उघड्या आणि बंद रेषा सतत जोडीदार बदलतात: एका बाजूने नळ्या होलमध्ये दाखल होतात, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. माणसे बदलली तरी रांग तिथेच राहते तसे.

१४. ध्रुवांवरची होल वेगळी असतात का?

चुंबकत्वाची जात तीच, टिकण्याचा काळ वेगळा. सौरचक्राच्या किमान काळात दोन्ही ध्रुवांवर मोठी होल वर्षानुवर्षे असतात, एकमेकांच्या उलट ध्रुवतेची. २०१९ च्या किमान काळात उत्तर धन आणि दक्षिण ऋण होती. कमाल काळात ती आक्रसून जातात, क्षेत्र उलटते आणि नवी उलट ध्रुवतेची होल उभी राहतात. चक्र २५ ने ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास शिखर गाठले. उतरत्या काळात मध्य अक्षांशांवर मोठी, दर २७ दिवसांनी परतणारी होल जास्त दिसतात.

पृथ्वीवरून ध्रुव नीट मोजता येत नाही, कारण आपण त्याच्याकडे जवळजवळ आडवे पाहतो. सूर्याचा अक्ष ७.२५ अंशच कललेला आहे, म्हणून सप्टेंबरात उत्तर ध्रुव आणि मार्चमध्ये दक्षिण ध्रुव थोडासा आपल्याकडे झुकतो. मार्च २०२५ मध्ये सोलर ऑर्बिटरने १७ अंश खालून दक्षिण ध्रुव पाहिला. तिथे त्या वेळी दोन्ही ध्रुवता मिसळलेल्या होत्या, क्षेत्र उलटण्याच्या काळात असायला हव्यात तशा.

१५. होल सूर्याच्या मध्यावर आले की वारा पृथ्वीवर कधी पोचतो?

७०० किमी प्रति सेकंद वेगाने १४.९६ कोटी किमी जायला ५९ तास लागतात. व्यवहारात दोन ते चार दिवस धरा. वेग खालच्या क्षेत्रावर एका आडवळणाने अवलंबून असतो: रेषा वर जाताना जितकी कमी पसरते तितका वारा वेगवान. मोठ्या होलच्या मध्यातून निघणारी रेषा कमी पसरते, कडेची जास्त. म्हणून मधला वारा ७००-८०० चा आणि कडेचा सावकाश. युलिसिस यानाने १९९४-९५ मध्ये ध्रुवांवरून जाताना सलग ७५० च्या आसपास वेग मोजला.

वाटेत जलद वारा पुढच्या मंद वाऱ्याला गाठतो. चोर्ला घाटात ट्रकमागे गाड्या तुंबतात तसा तिथे प्लाझ्मा आणि चुंबकीय क्षेत्र दाटते. पृथ्वीला पहिला धक्का या दाटीचा बसतो, जलद वारा त्यामागून येतो.

१६. होल धन आहे की ऋण, याने पृथ्वीला काय फरक पडतो?

ऋतूप्रमाणे फरक पडतो. वादळ उठते ते वाऱ्यातले क्षेत्र पृथ्वीच्या संदर्भात दक्षिणमुखी झाले की. पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाच्या कलामुळे एप्रिलच्या आसपास ऋण होलचा, म्हणजे सूर्याकडे वळलेला, वारा दक्षिणमुखी वाटा जास्त देतो आणि ऑक्टोबरच्या आसपास धन होलचा. हा रसेल-मॅकफेरॉन परिणाम. म्हणून अंदाज बांधताना होलचा आकार पाहून थांबू नका, खालच्या मॅग्नेटोग्रामचे चिन्ह आणि कॅलेंडर दोन्ही पाहा.

१७. गोव्यात याचा काही परिणाम जाणवतो का? उकाडा, पाऊस, मोबाइल?

उकाडा आणि पावसाशी संबंध नाही. मोबाइल आणि घरच्या विजेलाही धोका नाही. होलमुळे येणारी वादळे सहसा सौम्य ते मध्यम असतात. अलिबागच्या वेधशाळेत, जिथे १९०४ पासून पृथ्वीचे क्षेत्र नोंदले जाते, अशा वेळी आडवा घटक ४०-५० नॅनोटेस्लाने उतरतो. मूळ आकडा ३८ हजारांचा आहे, म्हणजे घट हजारात एकाच्या जवळपास. होकायंत्राला ती कळतही नाही. खरा त्रास भूस्थिर उपग्रहांना: जलद वारा काही दिवस टिकला की पृथ्वीभोवतीच्या बाहेरच्या पट्ट्यात वेगवान इलेक्ट्रॉन वाढतात आणि उपग्रहाच्या आतल्या भागांत विद्युतभार साचतो.

गोव्याचा एक जवळचा धागा मात्र आहे. वास्कोजवळच्या सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकातले मैत्री आणि भारती हे तळ चालवते. मे ते ऑगस्टच्या रात्री तिथे दिसणारा ध्रुवीय प्रकाश, दर २७ दिवसांनी परतला तर, बहुधा एखाद्या होलचाच असतो.

१८. मे २०२४ मध्ये लडाखमध्ये लाल आकाश दिसले, ते होलमुळे का?

नाही. १०-११ मे २०२४ चे वादळ सौरडागांच्या १३६६४ क्रमांकाच्या गटातून एकामागून एक सुटलेल्या वस्तुमानाच्या उद्रेकांचे होते. होलचा वारा इतके तीव्र वादळ सहसा देत नाही. तो सौम्य असतो पण दिवसेंदिवस चालतो.

१९. गोव्यातून दुर्बिणीने होल दिसेल का?

नाही. पांढऱ्या प्रकाशाच्या सुरक्षित फिल्टरने सौरडाग आणि कडेचे उजळ पट्टे दिसतात, हायड्रोजन-अल्फा फिल्टरने तंतू, पण होल यांतल्या कशातच दिसत नाही. ज्या अतिनील तरंगलांबीत ते काळे दिसते ती हवेतून खाली येतच नाही. जमिनीवरून हेलियमच्या १०८३० अँगस्ट्रॉम रेषेत होल किंचित उजळ दिसते, पण त्यासाठी मोठी वेधशाळा लागते.

अपवाद खग्रास ग्रहणाचा. १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण गोव्याच्या खालच्या अंगाने, अंकोला-हुबळी भागातून गेले. ते कमाल काळातले होते, म्हणून प्रभामंडल चहूबाजूंनी गोल आणि ध्रुवांवर होल नाही. २४ ऑक्टोबर १९९५ चे उत्तर भारतातले ग्रहण किमान काळाजवळचे. त्यात ध्रुवांवर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा होत्या. त्या रेघा म्हणजे ध्रुवीय होलमधल्या उघड्या रेषाच. त्या ग्रहणाचा घरात जुना फोटो असेल तर काढून पाहा.

२०. आदित्य-एल१ होलखालचे क्षेत्र मोजतो का?

थेट नाही. २ सप्टेंबर २०२३ ला निघून ६ जानेवारी २०२४ ला जागेवर पोचलेल्या या यानावर पृष्ठभागाचा मॅग्नेटोग्राम घेणारे उपकरण नाही. पुण्याच्या आयुकाचे सूट हे उपकरण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये पृष्ठभाग आणि त्यावरचा थर टिपते. त्यात नळ्यांचे जाळे उजळ ठिपक्यांसारखे दिसते, होल मात्र दिसत नाही. होलचा दुसरा टोकाचा पुरावा यानाकडे आहे: सहा मीटर लांब दांड्यावर बसवलेला मॅग्नेटोमीटर, पृथ्वीपासून १५ लाख किमीवर, तिथून जाणाऱ्या वाऱ्याचे क्षेत्र मोजतो. ते काही नॅनोटेस्ला एवढेच भरते. प्रश्न ९ प्रमाणे होलचे चिन्ह काढा, प्रश्न १५ प्रमाणे तीन दिवस मोजा आणि त्या दिवशी वाऱ्यातले क्षेत्र सूर्याकडे वळलेले होते की सूर्यापासून दूर, हे ताडून पाहा. मध्ये उद्रेक झाला नसेल तर बहुतेक वेळा चिन्ह जुळते.